परदेशातून मागवलेलं पार्सल वाटेत हरवलं, तर पैसे परत कसे मिळवायचे

माझं पहिलं हरवलेलं पार्सल अगदी लहान होतं. जुन्या गजराच्या घड्याळाची एक स्प्रिंग. खूप शोधल्यावर ती समुद्रापलीकडच्या एका विक्रेत्याकडे सापडली. पैसे भरले, दोन दिवसांत ट्रॅकिंग नंबर आला आणि मी खूश. आठवडाभर ट्रॅकिंगच्या ओळी वाढत गेल्या, मग एका ओळीवर थांबल्या: माल मूळ देशातून रवाना. त्यानंतर महिनाभर तीच ओळ. विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर फार गोड आलं, ‘कस्टम्समुळे उशीर होतोय, कृपया दोन आठवडे थांबा.’ थांबलो. पुन्हा लिहिलं, पुन्हा दोन आठवडे. तिसऱ्यांदा मात्र वैतागून तक्रार करायला गेलो तर ऑर्डरच्या पानावरचं तक्रारीचं बटणच गायब. मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती.

तो विक्रेता लबाड होता का, हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित बिचारा खरंच थांबा म्हणत असेल. पण त्याने काही फरक पडत नाही. पार्सल हरवतं तेव्हा पैसे बुडतात ते बहुतेक वेळा मुदत उलटून गेल्यामुळे. खाली जे सांगतोय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं. पहिल्यांदाच परदेशातून काही मागवलं असेल आणि ते आलं नसेल, तर याच क्रमाने जा.

पहिली पायरी: चार तारखा लिहून काढा

विक्रेत्याला मेसेज करण्याआधी ऑर्डरचं पान उघडा आणि चार तारखा टिपून घ्या. पैसे कधी भरले. माल कधी पाठवला असं विक्रेता म्हणतो. माल पोहोचण्याची जी मुदत दाखवली होती तिचा शेवटचा दिवस कोणता. आणि तक्रार करायची शेवटची तारीख कोणती. तिसरी तारीख सगळ्यात महत्त्वाची, कारण बऱ्याच ठिकाणी मुदत तिथून मोजतात. आणि लोक नेमकी तीच चुकवतात. ‘१० ते २८ तारखेदरम्यान’ असं लिहिलेलं असेल तर डोक्यात १० राहते. हिशोब मात्र २८ पासून होतो.

ईबे या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर माल पोहोचण्याच्या शेवटच्या अंदाजित तारखेपासून ३० दिवसांत कळवावं लागतं. अ‍ॅमेझॉनवर माल अ‍ॅमेझॉनचा नसून तिथे दुकान मांडलेल्या दुसऱ्या विक्रेत्याचा असेल, तर ‘ए टू झेड’ हमीखाली त्याच शेवटच्या तारखेपासून ९० दिवस मिळतात. पेपल या ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या सेवेने पैसे भरले असतील तर पैसे भरल्याच्या दिवसापासून १८० दिवस. व्हिसा कार्डाच्या नियमांत, माल मिळायला हवा होता त्या दिवसापासून साधारण १२० दिवस. हे आकडे कंपन्या अधूनमधून बदलतात, म्हणून तुमच्या ऑर्डरच्या पानावर आणि कार्डाच्या नियमांत काय लिहिलंय ते एकदा बघाच. त्यातली जी तारीख सगळ्यात आधी येते, तिच्या दहा दिवस अलीकडे फोनमध्ये गजर लावा. (घड्याळाच्या स्प्रिंगमुळे गजराचं महत्त्व कळावं, याला काय म्हणावं.)

याच वेळी स्क्रीनशॉट काढून ठेवा: वस्तूचं पान, दाखवलेली मुदत, भरलेली रक्कम, तुम्ही दिलेला पत्ता. विक्रेते जाहिरात काढून टाकतात, पत्ता तुम्ही स्वतःच पुढे बदलता, आणि महिन्याभराने ‘मुदत नक्की किती लिहिली होती?’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

हरवलंय की नुसतं रखडलंय?

टपालाने येणाऱ्या मालाच्या ट्रॅकिंगमध्ये जगभर साधारण सारखेच टप्पे दिसतात. माल टपाल कार्यालयात दिला, तो परदेशी टपालाच्या निर्यात केंद्रात पोहोचला, तिथून रवाना झाला, तुमच्या देशातल्या आयात केंद्रात आला, कस्टम्सकडे दिला, कस्टम्समधून सुटला, वाटपाच्या कार्यालयात आला, वाटप झालं. शब्द देशागणिक वेगळे, पण क्रम हाच.

यातली सगळ्यात लांब आणि सगळ्यात अंधारी जागा म्हणजे ‘निर्यात केंद्रातून रवाना’ आणि ‘आयात केंद्रात आगमन’ यांच्यामधली. ‘रवाना’ म्हटल्यावर विमान उडालं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. पिशवी सीलबंद होऊन विमान कंपनीच्या हवाली करायला बाहेर पडली, एवढाच त्याचा अर्थ. पुढे ती गोदामात जागा मिळेपर्यंत पडून असू शकते, तिसऱ्याच देशातून वळून येऊ शकते, आणि त्या काळात कोणीच ती स्कॅन करत नाही. म्हणून या टप्प्यावर तीन-चार आठवडे शांतता असली तरी लगेच हरवलं असं समजू नका. गजर लावलेला असेल तर शांतपणे वाट बघता येते.

याउलट, शेवटची ओळ ‘पाठवणाऱ्याने माहिती नोंदवली’ किंवा ‘लेबल तयार झालं’ अशी असेल आणि दहा-बारा दिवस पुढे काही नसेल, तर माल बहुधा टपालात पडलेलाच नाही. लेबल छापायला फुकट असतं. विक्रेता ते छापतो, ‘पाठवलं’ असं टिचकवतो आणि वस्तू अजून त्याच्या पुरवठादाराकडेच असते. इथे वाट बघण्यात अर्थ नाही, थेट विचारा.

‘कस्टम्सकडे’ अशी ओळ असेल तर आधी स्वतःकडे बघा. कागदपत्रं मागणारा किंवा शुल्क भरायला सांगणारा एखादा संदेश तुमच्याकडून दुर्लक्षित राहिला नाही ना? तुम्ही शुल्क भरलं नाही म्हणून माल परत गेला, तर ते ‘हरवलं’ यात बसत नाही आणि पैसे मिळणं अवघड होतं. मात्र अशा संदेशातल्या लिंकवर टिचकी मारू नका. कस्टम्सच्या नावाने पैसे उकळणारे संदेश पार्सलची वाट बघणाऱ्यांनाच बरोबर गाठतात. ट्रॅकिंग नंबर स्वतः टपाल खात्याच्या संकेतस्थळावर टाकून बघा.

आणि एक सोपी गोष्ट: नंबर फक्त पाठवणाऱ्या देशाच्या संकेतस्थळावर बघून थांबू नका, आपल्या देशाच्या टपाल खात्याच्या पानावरही टाका. पलीकडचं पान कधीकधी ‘रवाना’वरच थिजतं आणि इकडे माल जवळच्या टपाल कार्यालयात तीन दिवस ठेवून ‘कोणी घ्यायला आलं नाही’ म्हणून परत निघालेला असतो.

ट्रॅकिंग नंबर खरा आहे का, हे कागदावर तपासता येतं

हा भाग माझ्या आवडीचा आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

आंतरराष्ट्रीय टपालाचे नियम वैश्विक टपाल संघ ठरवतो. ही संस्था १८७४ पासून चालत आली आहे, मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या बर्नला, सदस्य देश १९२. या संघाने ठरवलेला नंबर नेहमी १३ अक्षरांचा असतो: आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी माल जिथून निघाला त्या देशाची दोन अक्षरं. जपानमधून निघालेलं रजिस्टर्ड पाकीट ‘आरआर’ने सुरू होऊन ‘जेपी’ने संपेल. सुरुवातीचं पहिलं अक्षर सेवा सांगतं. ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड, ‘ई’ म्हणजे स्पीडची ईएमएस सेवा, ‘सी’ म्हणजे पार्सल, ‘व्ही’ म्हणजे विमा उतरवलेलं, ‘एल’ म्हणजे ट्रॅकिंगसह जाणारं लहान पाकीट. ‘यू’ने सुरू होणारा नंबर मात्र बहुतेक कस्टम्सच्या नोंदीपुरता असतो, अशा पाकिटाचा माग पुढे लागेलच असं नाही. विक्रेत्याने ‘ट्रॅकिंगसह पाठवतो’ म्हणून तुमच्याकडून जादा पैसे घेतले आणि नंबर ‘यू’चा दिला असेल, तर ते तक्रारीत लिहायला विसरू नका.

आता नऊ अंकांतला शेवटचा अंक. तो मनाने टाकलेला नसतो, आधीच्या आठ अंकांवरून काढलेला असतो. समजा नंबरातले अंक १२३४५६७८५ असे आहेत. पहिल्या आठ अंकांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं. म्हणजे ८, १२, १२, ८, १५, ३०, ६३, ५६. बेरीज २०४. तिला ११ ने भागलं की बाकी उरते ६. ११ मधून ६ वजा केले की ५. शेवटचा अंकही ५, म्हणजे नंबरची घडण बरोबर आहे. (वजाबाकीचं उत्तर १० आलं तर अंक ० धरतात आणि ११ आलं तर ५.) हिशोब जुळला म्हणून पार्सल खरं ठरत नाही. पण जुळला नाही तर नंबर टाइप करताना चुकलाय किंवा मनाने बनवलाय, आणि विक्रेत्याला हा प्रश्न सरळ विचारता येतो. मी एकदा विचारला होता. पुढच्या तासाभरात पैसे परत आले, एक शब्दही न बोलता.

खासगी कुरिअर कंपन्यांचे नंबर वेगळ्या पद्धतीचे असतात, त्यांना हे गणित लागू नाही.

विक्रेत्याला काय लिहायचं

मेसेज नेहमी त्या वेबसाइटच्या आतल्या संदेशपेटीतूनच करा. विक्रेता ‘व्हॉट्सअ‍ॅपवर या, लवकर सोडवू’ म्हणाला तरी नाही. उद्या तक्रार तपासणारा माणूस फक्त आतले संदेश बघतो.

मेसेज छोटा ठेवा. राग, टोमणे, घरातली अडचण, वाढदिवसाची भेट होती वगैरे काही नको. मी साधारण असं लिहितो आणि विक्रेत्याला कळेल त्या भाषेत पाठवतो:

‘नमस्कार. अमुक क्रमांकाची ऑर्डर मला अजून मिळालेली नाही. पोहोचण्याची शेवटची तारीख अमुक होती. ट्रॅकिंगमधली शेवटची नोंद अमुक तारखेची आहे, त्यानंतर काही हालचाल नाही. पत्ता मी तपासला, तो बरोबर आहे. जवळच्या टपाल कार्यालयातही चौकशी केली, पार्सल तिथे आलेलं नाही. कृपया अमुक तारखेपर्यंत पूर्ण पैसे परत करावेत. तोपर्यंत काही झालं नाही तर मी तक्रार नोंदवेन.’

यात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. मागणी एकच आणि स्पष्ट आहे. ‘काय करता येईल ते बघा’ असं लिहिलं की समोरचा बघतच राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे तारीख. ती तुमच्या गजराच्या तारखेच्या आधीची हवी. पाच ते सात दिवस पुरेसे आहेत.

उत्तरं ठरावीक येतात. ‘आणखी थोडं थांबा’ आलं तर कळवा की थांबायला हरकत नाही, पण तक्रारीची मुदत मी ओलांडणार नाही. ‘निम्मे पैसे घ्या आणि मिटवा’ आलं तर नाही म्हणा. वस्तूच मिळालेली नसताना निम्म्यात मिटवायचं कारण काय? शिवाय काही ठिकाणी अर्धी रक्कम स्वीकारली की प्रकरण संपलं असं धरतात. ‘दुसरं पाठवतो’ ही ऑफर चांगली असू शकते, वस्तू दुर्मीळ असेल तर मी ती घेतोही. पण दुसरं पार्सल येईपर्यंत पहिल्या ऑर्डरची मुदत संपणार असेल तर पैसेच मागा, आणि हवं तर नव्याने ऑर्डर करा. नव्या ऑर्डरला नवी मुदत मिळते.

‘टपाल खात्याशी बोला, आमची जबाबदारी माल पाठवल्यावर संपते’ असं उत्तर आलं तर घाबरू नका. आंतरराष्ट्रीय टपाल करारात पार्सल योग्य माणसाच्या हाती पडेपर्यंत ते पाठवणाऱ्याचंच मानलं जातं. युरोपीय संघाचा २०११ चा ग्राहक हक्कांचा कायदा तर स्पष्ट सांगतो की व्यापाऱ्याकडून घेतलेला माल ग्राहकाच्या ताब्यात येईपर्यंत हरवण्याचा धोका विक्रेत्याचा.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो नवख्यांना माहीत नसतो. वाहतूकदार तुम्ही स्वतः ठरवला असेल तर चित्र उलटतं. काही लोक विक्रेत्याच्या देशातल्या ‘फॉरवर्डर’चा, म्हणजे माल गोळा करून पुढे पाठवणाऱ्या कंपनीचा पत्ता देतात, कारण विक्रेता बाहेरदेशी पाठवत नाही. विक्रेत्याने माल त्या पत्त्यावर पोहोचवला की त्याचं काम झालं. ईबेची हमीसुद्धा तिथेच संपते. पुढच्या प्रवासात हरवलं तर भांडण फॉरवर्डरशी, आणि त्याच्याकडे विमा घेतला होता का यावर सगळं अवलंबून.

तक्रार: एकेक दार ठोठावा, सगळी एकदम नाही

विक्रेत्याला दिलेली तारीख उलटली की त्याच दिवशी तक्रार करा. क्रम असा: आधी जिथून वस्तू घेतली ती वेबसाइट, मग पैसे पाठवणारी सेवा, शेवटी कार्ड देणारी बँक. तिन्हीकडे एकाच वेळी गेलात तर बहुतेक ठिकाणी तुमचं प्रकरण बंद होतं, कारण एकाच रकमेचा परतावा दोनदा जाऊ नये याची त्यांना काळजी असते. बँकेत चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम परत ओढण्याची मागणी, टाकला की पेपल आपल्याकडची तक्रार बंद करतं, हे अनेकांना नंतर कळतं.

वेबसाइटवर कारण निवडताना ‘वस्तू मिळाली नाही’ हेच निवडा. ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ निवडलंत तर परत पाठवल्याचा पुरावा मागतील आणि तुम्ही नसलेली वस्तू परत पाठवत बसाल. ‘ऑर्डर रद्द’ तर अजिबात निवडू नका. विक्रेता कधीकधी गोडीने सांगतो की रद्द करा, म्हणजे पैसे लगेच येतील. आपल्या नोंदीवर डाग पडू नये एवढाच त्याचा हेतू असतो, आणि तुमच्या हातचं संरक्षण जातं.

पेपलमध्ये दोन टप्पे आहेत आणि पहिल्यावरच बरेच जण अडकतात. आधी ‘डिस्प्यूट’ उघडायचा. हा फक्त तुमच्या आणि विक्रेत्यामधला संवाद, पेपल त्यात पडत नाही. मग २० दिवसांच्या आत तो ‘क्लेम’मध्ये बदलायचा, तेव्हा पेपल निकाल देतं. २० दिवसांत बदलला नाही तर डिस्प्यूट आपोआप बंद होतो आणि बंद झालेला पुन्हा उघडता येत नाही. तेव्हा विक्रेता म्हणाला, ‘आधी डिस्प्यूट मागे घ्या, मग पैसे पाठवतो,’ तर उत्तर एकच: आधी पैसे. आणि पैसे भरताना ‘मित्र-नातेवाईक’ हा पर्याय वापरला असेल, तर तो व्यवहार खरेदी मानलाच जात नाही. तिथे पेपलचं संरक्षण नाही.

बँकेकडे चार्जबॅक

वेबसाइटने नाही म्हटलं, किंवा ती वेबसाइट म्हणजे कोणाचं तरी एकांडं दुकान होतं आणि आता उत्तरच देत नाही, तर कार्डाचा रस्ता उरतो. चार्जबॅक म्हणजे तुमची बँक कार्डाच्या जाळ्यामार्फत विक्रेत्याच्या बँकेकडून रक्कम परत ओढते. क्रेडिट कार्डाला हे लागू आहे हे सगळ्यांना माहीत असतं. व्हिसा-मास्टरकार्डच्या डेबिट कार्डालाही ते लागू आहे, हे बँकेच्या खिडकीवरच्या माणसालाही कधीकधी माहीत नसतं. ‘डेबिटवर होत नाही’ असं उत्तर आलं तर लेखी मागा.

बँकेत फोन करून ‘माझे पैसे गेले’ म्हणू नका, कारण मग ते प्रकरण फसवणुकीच्या खिडकीत जातं, कार्ड बंद होतं आणि पुढे कळतं की व्यवहार तुम्हीच केला होता. ‘माल किंवा सेवा मिळाली नाही’ असं नेमकं म्हणा. व्हिसामध्ये या कारणाचा क्रमांक १३.१ आहे, तो सांगितलात तर समोरचा जरा सरळ बसतो. १२० दिवसांचा हिशोब माल यायला हवा होता त्या दिवसापासून होतो, पण व्यवहाराच्या दिवसापासून ५४० दिवसांच्या पलीकडे जात नाही. महिनोन्‌महिने आधी नोंदवलेल्या वस्तूंसाठी ही दुसरी मर्यादा कामाला येते.

सोबत जोडायचं ते इतकंच: ऑर्डरची पावती, पोहोचण्याची दाखवलेली तारीख, ट्रॅकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट, आणि तुम्ही विक्रेत्याकडे पैसे मागितले होते याचा संदेश. हा शेवटचा कागद नसेल तर बँक आधी विक्रेत्याशी बोला म्हणून परत पाठवते. सगळ्यावर एक पानाची तारीखवार हकिगत ठेवा. मी ती पाच-सहा ओळींत लिहितो, दर ओळीच्या आधी तारीख. वाचणाऱ्याला दिवसाला अशी शेकडो प्रकरणं असतात, त्याला कादंबरी नको असते.

काही बँका तात्पुरती रक्कम लगेच जमा करतात. ती खर्चायची घाई नको. विक्रेत्याने पुरावा दिला तर ती परत वळती होऊ शकते, आणि तशी झाली तर उत्तर द्यायला तुम्हाला थोडेच दिवस मिळतात. त्या काळातला बँकेचा ईमेल स्पॅममध्ये जाऊ देऊ नका.

थेट बँक ट्रान्सफरने किंवा क्रिप्टोने पैसे पाठवले असतील तर यातलं काहीच चालत नाही. तिथे विक्रेत्याची मर्जी आणि पोलीस तक्रार एवढंच हातात राहतं. परदेशी विक्रेत्याबद्दलच्या तक्रारी अनेक देशांच्या ग्राहक संरक्षण यंत्रणा मिळून चालवत असलेल्या ‘ईकन्झ्युमर डॉट गव्ह’ या संकेतस्थळावर नोंदवता येतात. त्यातून तुमचे पैसे मिळवून देत नाहीत, पण माहिती यंत्रणांपर्यंत पोहोचते.

ट्रॅकिंग म्हणतंय मिळालं, हातात मात्र काही नाही

हे सगळ्यात चिवट प्रकरण. ‘वाटप झालं’ ही एक ओळ दिसली की वेबसाइटचं यंत्र विक्रेत्याच्या बाजूने निकाल देऊन मोकळं होतं.

आधी घरचे, शेजारी, सुरक्षारक्षक, कार्यालयाची टपालपेटी, सगळीकडे विचारा. हसू नका, बरीच हरवलेली पार्सलं तिथेच सापडतात. नसेल तर वाटप केलेल्या टपाल कार्यालयात नंबर घेऊन जा आणि तीन गोष्टी विचारा: सही कोणाची आहे, पार्सलवर पत्ता काय होता, वजन किती नोंदवलंय.

एक जुनी युक्ती आहे. लबाड विक्रेता तुमच्याच शहरात, पण दुसऱ्याच कोणाला तरी एक रिकामं पाकीट पाठवतो आणि त्याचा नंबर तुम्हाला देतो. ट्रॅकिंगमध्ये शहर बरोबर, पिनकोडही कधीकधी बरोबर, शेरा ‘वाटप झालं’. ही चोरी वजनाने उघडी पडते. दोन किलोची वस्तू आणि नोंदलेलं वजन वीस ग्रॅम, यापुढे वेगळा युक्तिवाद लागत नाही. टपाल कार्यालयाकडून ‘या नंबरचं पार्सल या पत्त्यावरचं नव्हतं’ असं दोन ओळींचं लेखी पत्र मागा. नियमांमुळे ते दुसऱ्याचा पत्ता तुम्हाला सांगणार नाहीत, पण तुमचा नव्हता एवढं लिहून द्यायला बहुधा तयार होतात. मात्र त्यासाठी काउंटरवर दोनदा जावं लागतं, आणि दुसऱ्यांदा जाताना अर्ज लिहून न्यावा.

टपाल खात्याकडून भरपाई?

थोडक्यात सांगतो, कारण यात खरेदीदाराच्या हाती फार नसतं. टपाल खात्याचा गिऱ्हाईक पाठवणारा आहे. पैसे त्याने भरलेत, पावती त्याच्याकडे आहे. हरवलेल्या मालाची चौकशी पोस्टात टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत करावी लागते आणि भरपाई मिळालीच तर ती पाठवणाऱ्याला मिळते. तीसुद्धा रजिस्टर्ड, विमा उतरवलेल्या किंवा पार्सल वर्गातल्या मालाला. साध्या पाकिटाला नाही. विक्रेत्याने ‘टपालाचा निकाल लागू द्या’ म्हटलं तर तो त्याचा आणि टपाल खात्याचा मामला आहे. तुमची मुदत त्या निकालासाठी थांबत नाही.

पैसे परत आले, पण दिसत नाहीत

‘परतावा केला’ असा संदेश आल्यावर कार्डावर रक्कम दिसायला काही कामाचे दिवस जातात. दोन आठवडे झाले तरी दिसली नाही तर विक्रेत्याकडे ‘एआरएन’ मागा. हा २३ अंकी क्रमांक असतो आणि त्यावरून तुमची बँक रक्कम कुठे अडकली ते शोधू शकते. खोटा परतावा सांगणाऱ्याकडे हा क्रमांक नसतो.

रक्कम थोडी कमी-जास्त दिसली तर लगेच फसवणूक समजू नका. विक्रेता परकीय चलनात तेवढीच रक्कम परत करतो, पण बँक त्या दिवसाच्या दराने ती बदलते. परकीय चलनाचं शुल्क बँकेने घेतलं असेल तर ते परत मिळण्याची आशा कमी. विचारून बघायला हरकत नाही. आगाऊ भरलेलं कस्टम्स शुल्क मात्र वेबसाइटकडे वेगळं मागावं लागतं, ते वस्तूच्या किमतीत आपोआप येत नाही.

आणि पैसे परत मिळाल्यावर तीन महिन्यांनी पार्सल दारात उभं राहिलं तर? होतं असं. माझ्याकडे एकदा आलं होतं, पाकिटावर चार देशांचे शिक्के आणि एका कोपऱ्यावर ‘चुकून दुसरीकडे गेले’ असा निळा रबरी ठसा. विक्रेत्याला फोटो पाठवून विचारलं, परत पाठवू की पैसे देऊ? त्याने वेबसाइटवरच पुन्हा मागणी नोंदवायला सांगितलं, मी पैसे भरले, आणि त्याने माल न पाठवता ‘पोहोचला’ असा शेरा मारला. पहिल्या ऑर्डरच्या संदेशपेटीत त्याने खाली एकच ओळ लिहिली होती: असं विचारणारे तुम्ही यंदाचे पहिले.